गाडी किती लवते

आत्या, अंकुश तुझी पायरी कापायला निघाला आहे.

रागावू नको त्याच्यावर. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि तुझी जीप बीबी गावी तुझ्याच अंगणात लिंबाखाली उभी आहे. बोनेटवर पानं पडली आहेत. तुझ्या लेकानं जीपचा फोटो पाठवला आणि त्याच्याखाली आवाज भरून पाठवला. "दादा, काळी-पिवळीचा धंदा त गेलाच आता. जो तो मोटरसायकलवर फिरते. मी म्हणतो हिले उंच करू, मोठे टायर टाकू, छतावर लायटीची पट्टी, समोर दोर ओढायचं मशीन. लोणारले सरोवर पाहायले लोकं येतात, त्यायले फिरवू. तू त्याच लाइनीत हाय, तू सांग काय काय टाकू. अन् ते खालची लोंबती पायरी मी कापून टाकतो. लय गावठी दिसते."

मी इथं मस्कतला वर्कशॉपमध्ये फोन कानाला लावून उभा होतो. समोर एक पांढरी गाडी जॅकवर चढवलेली, आणि माझ्या हातात तिला उंच करायच्या स्प्रिंगा. म्हणजे अंकुशला जे पाहिजे तेच मी दुसऱ्याच्या गाडीला करत होतो. तरी त्याचं ऐकून हातातल्या स्प्रिंगा मी खाली ठेवल्या. हो म्हणू की नाही म्हणू, दोन दिवस झाले ठरत नाही. तो थांबला आहे. माझा निरोप गेला की वेल्डरला बोलावतो म्हणाला.

मला यायला जमलं नाही. सुट्टीचा अर्ज साहेबापर्यंत पोचेपर्यंत तुझं सगळं आटोपलं होतं. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की हात थांबतो. म्हणून गाडीबद्दलच लिहितो. माझ्या जागी तू असती तर तूही आधी गाडीचंच विचारलं असतं.

नांदुऱ्याचं ते दुकान आठवते का? हायवेवरचं, ट्रकच्या सजावटीचं. मी नववीतून शाळा सोडून घरी बसलो, मग इकडे तिकडे करत त्या दुकानात फिटर म्हणून लागलो होतो. तू भाऊबीजेला आमच्याकडे आली होती, सोबत जीप आणि जीपसोबत रशीदभाई. अंकुशचे बाबा गेल्यापासून जीप तुझ्या नावावर, चालवायला रशीदभाई, आणि मागं सवाऱ्यांमध्ये बसून भाडं घ्यायला तू. "माह्या भाच्याच्या दुकानातून काहीतरी घेऊ," म्हणून तू दुकानात आली आणि स्टुलावर बसली. वर गोंडे लोंबत होते, भिंतीला हॉर्न, चकचकीत बंपर, निळ्या-लाल लायटी. शेटजी एकेक वस्तू दाखवायचे आणि तू प्रत्येक वस्तूला एकच विचारायची.

"याच्यानं कोणाले काय होते?"

"बाई, यानं गाडी शोभते."

"गाडीले समजते का, आपण शोभलो म्हणून?"

शेटजींनी प्रेशर हॉर्न वाजवून दाखवला. तू कान झाकले. "बाप्पा! सायकलवरचा म्हातारा नालीत जाईन हो यानं." चकचकीत बंपर दाखवला तर म्हणाली, "ऊन पडलं की समोरच्याच्या डोळ्यात." पाऊण तास तू सगळं दुकान विचारून काढलं. घेतलं काय, तर कोपऱ्यात पडलेली जुन्या बसच्या दारातली दांडी, हातानं धरायची. शेटजी मला म्हणाले, "तुझ्या आत्यासारखे दोन गिऱ्हाईक आले त दुकानाले कुलूप लावा लागते."

मी हसलो, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. तोपर्यंत मला वाटायचं, वस्तू गाडीला लावतात. वस्तू गाडीला लावली की ती कोणाला तरी लागते, हे कुठं सुचलं होतं! त्या दिवाळीनंतर तू मला बीबीला घेऊन गेली आणि तिथल्या गॅरेजात कामाला लावलं. तुझ्या घरी जेवलो, तुझ्या ओसरीवर झोपलो. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असती, "काऊन बे, ताप आला का?"

आपलं भांडण पाट्यावरून सुरू झालं.

जीप भरली की मागून बसायची. लोणारच्या बाजाराच्या दिवशी तर खड्ड्यात गेली की खालून ठण्ण आवाज. रशीदभाई कातावला होता. मी मागच्या कमानीत, त्या लवत्या पोलादी पट्ट्यांच्या थरात, एक पाटा वाढवून दिला. काम चांगलं झालं होतं, अजूनही म्हणतो. गाडी ताठ झाली, आवाज गेला, रशीदभाईनं माझी पाठ थोपटली. तू मात्र दोन दिवस म्हाताऱ्यांना चढताना पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गजू, गाडी लवत नाही आता."

मला समजलंच नाही. तेव्हा तू मला स्टँडवर नेलं आणि दाखवलं. रिकामी जीप उंच असते. पहिला माणूस चढतो त्याला पाय सगळ्यात वर उचलावा लागतो. माणसं बसत जातात तशी कमान दबते, गाडी खाली येते. शेवटी चढणाऱ्याला पाय कमी उचलावा लागतो. म्हणून तू म्हाताऱ्यांना शेवटी चढवायची. पण शेवटी चढणाऱ्याला जागा कुठली राहते? त्यावर तुझा उपाय ती वायरची पिशवी. आधी तू स्वतः चढायची, दाराजवळच्या, खिडकीकडच्या जागेवर पिशवी ठेवायची, आणि कोणी कितीही मोठा असो, हलू द्यायची नाही.

"अहो बाई, आम्ही कवाचे उभे हाव. पिशवीचं तिकीट काढलं का?"

"हाव, काढलं. तुह्या मायसाठी धरलं. ते उद्या येईन बाजाराले, तवा तुले समजंन."

तो माणूस हसत मागं सरकला. मग खाली गाठोडं घेऊन उभ्या असलेल्या आजीला तू हाक मारली, "या आता, लवली गाडी."

चार बोटं लवायची, तू म्हणायची. तुझी चार बोटं. माझा पाटा बसल्यावर ती किती राहिली हे आपण मोजलं नाही. आपण फक्त भांडलो. मी म्हणायचो, पाटा काढला तर एखाद्या दिवशी कमान तुटेल, सगळे रस्त्यावर बसाल. तू म्हणायची, "अन् म्हातारी घरीच बसली त्याचं काय?" दोघांचंही खरं होतं, हाच तर घोळ होता. रोज जेवताना तोच विषय. भाकरी वाढता वाढता तू विचारायची, "काय ठरवलं मग?" जसं काही मी लग्नाचं ठरवत होतो.

त्यातून ती पायरी निघाली. खाली एक पायरी लावू, असं तू म्हणाली. मी म्हणालो, एवढ्या खाली लोखंड आलं तर शेतरस्त्याच्या दगडावर आपटून वाकेल, नाहीतर चौकटच ओढून काढेल. तू जीप वेल्डरकडे पाठवली. दोन दिवसांनी परत आली. जुन्या वखराची पास, म्हणजे खालचं लांब पातं, धार घासून बोथट केलेली, आणि ती जीपच्या दाराखाली लटकवली होती ट्रकच्या फाटक्या टायरच्या दोन पट्ट्यांवर. दगड लागला की पायरी मागं जाते, दगड गेला की परत येते. "लोखंडानं दगडासंगं भांडायचंच कायले?" तू म्हणाली.

मी पाय ठेवून पाहिला. झोक्यासारखी हलली. "आत्या, हिच्यावरून म्हातारी पडंन."

"मग वर धराले दांडी कायले आणली होती नांदुऱ्याहून?"

म्हणजे तू दांडी घेतली तेव्हाच तुझ्या मनात काही होतं का? की आधी दांडी आली आणि पायरी मागून सुचली? हे मला विचारायचं होतं. पुष्कळ वेळा विचारायचं होतं, आणि दर वेळी मध्ये दुसरंच काही निघायचं.

पायरी हलते की नाही, यावर आपलं जमलं नाही. मी म्हणायचो हलते. तू म्हणायची, हलते त हलू दे, पडलं का कोणी? पडलं कोणीच नव्हतं. पण मला भीती वाटायची. तुला माहीत आहे माझा स्वभाव. नट घट्ट केला तरी अर्ध्या रस्त्यातून परत येऊन पाहणारा मी. तू त्याच्यावरही औषध काढलं होतं, आठवते? दसऱ्याला जीपची पूजा करताना तू पायरीच्या नटबोल्टावरून ओल्या कुंकवाचं बोट सरळ ओढलं. पुढच्या आठवड्यात पाहतो तर एका ठिकाणी रेघ तुटलेली, अर्धी नटावर, अर्धी बोल्टवर, आणि दोघांची तोंडं वेगळीकडे. नट सुटत चालला होता. मी ओरडतच घरात आलो. तू शांतपणे म्हणाली, "मग आता रेघ पाहत जाय. परत परत पान्हा कायले लावते?"

इथं प्रत्येक नटावर लाल रंगाची अशी रेघ ओढायची पद्धतच आहे. पहिल्या दिवशी पाहिली आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. इथले लोक म्हणतात, हा माणूस रेघ फार मन लावून ओढतो.

मस्कतलाही मी तुझ्यामुळेच आलो. माणसं निवडायला इथल्या वर्कशॉपचा साहेब अकोल्याला आला होता. त्यानं शिक्षण विचारलं, मी नववी म्हणालो, त्यानं माझा कागद बाजूला ठेवला. मी तोंड पाडून बाहेर आलो तर तू आत! हात धरून त्याला रस्त्यावर जीपपाशी घेऊन आली. "साहेब, हे दांडी यानं लावली. लटका."

"काय?"

"लटका म्हणते मी. दोन्ही हातानं."

आणि तो लटकला, आत्या! बूट घातलेला, कडक इस्त्रीचा माणूस, पाय वर घेऊन लटकला. रशीदभाई तोंडाला रुमाल लावून हसत होता. दांडी केसभर हलली नाही. साहेब खाली उतरला, हात झटकले आणि म्हणाला, "कधी येऊ शकतो हा?"

इथून फोन नीट लागायचा नाही, म्हणून तू आवाज भरून पाठवायला शिकली. मी फोटो पाठवायचो, तू प्रश्न. सगळे जपून ठेवले आहेत. अजून ऐकत नाही. पण पाठच आहेत. बोनेटच्या बाजूनं छतापर्यंत गेलेली नळी पाहून, "गजू, या गाडीले सोंड कायले?" मी सांगितलं, इंजिनाला श्वास वरून घ्यायला, खाली धूळ-पाणी असते म्हणून. तू म्हणाली, "म्हंजे नाक डोक्यावर. बरं हाय. आपल्या शेतरस्त्यानं मलेही पाहिजे एक." वाळूत जाताना इथले लोक टायरातली हवा काढतात हे तुला खरंच वाटेना. हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही, असं सांगितलं तर तुझा आवाज आला, "असं सांग ना मग, गाडीले उंटाचा पाय लावतात."

आणि गाड्या उंच करण्यावरून तर तू पिच्छाच पुरवला. "एवढी उंच केली, मग त्याची माय कशी चढते?" मी म्हणालो, आत्या, हे लोक मजेसाठी वाळूत जातात, मायला घेऊन जात नाहीत. "असं कसं? विचारून पाहजो." मी काही विचारलं नाही. पण एकदा एक गिऱ्हाईक त्याच्या आईला घेऊन आला गाडी न्यायला. काळ्या कपड्यातली म्हातारी, नव्या उंच गाडीपुढं उभी राहिली, वर पाहिलं, मग लेकाकडे पाहिलं. लेक आमच्या स्टोअरमध्ये आला आणि विचारतो, पायरी आहे का? त्या दिवशी मी एकटाच इतका हसलो की शेजारच्याला वाटलं मला ऊन लागलं.

मग ती खाणीची गाडी. आमच्या शेजारच्या आवारात दगडाच्या खाणीवरचे अवाढव्य ट्रक दुरुस्तीला येतात, घराएवढे. मी सहज पाहायला गेलो. वर चढायला लोखंडी शिडी, आणि शिडीची सगळ्यात खालची पायरी, आत्या, रबरी पट्ट्यांवर लटकवलेली! तुझीच पायरी! कंपनीतून आलेली! मी तिथंच खाली बसलो. हातानं हलवून पाहिली. दगड लागला की मागं जाते, परत येते. मग पाय ठेवला आणि सगळं वजन टाकलं. मागंपुढं गेली, पण बाजूला झुलली नाही. काऊन? पट्टा पाहिला तर रुंद, हाताच्या पंजाएवढा, आणि आखूड. तुझे पट्टे अरुंद होते आणि लांब. म्हणून तुझी झोक्यासारखी हलायची.

म्हणजे तू बरोबर होती. आणि मीही बरोबर होतो. एवढ्या वर्षांनी एका घामट दुपारी आपलं भांडण मिटलं, आणि मिटवायला तू समोर नव्हती.

फोटो पाठवला. सगळं सांगितलं. तुझं उत्तर संध्याकाळी आलं, मागं भांड्यांचा आवाज. "पाह्यलं? मोठ्या गाडीलेही तेच सुचलं. बरं, पट्टा रुंद करू, तू आला की. अन् मले एक सांग. तू तो पाटा टाकल्यावर आपली गाडी किती लवते, हे आपण कधी मोजलंच नाही रे. तुह्याकडं एवढ्या गाड्या येतात. हे लोकं मोजतात का? रिकामी किती अन् भरली किती?"

मोजतात, आत्या. स्प्रिंग निवडायच्या आधी तेच विचारतात. गाडीत रोज किती वजन राहते, रिकामी जास्त चालते की भरलेली. नुसती उंच दिसावी म्हणून कडक स्प्रिंग टाकली की गाडी टणटण उडते आणि आतल्या माणसाची कंबर जाते. हे तुला नीट समजावून सांगायचं होतं. म्हटलं सुट्टीच्या दिवशी निवांत सांगू. सुट्टीच्या दिवसाआधी अंकुशचा फोन आला.

इथपर्यंत परवा लिहून थांबलो होतो, अंकुशला काय सांगू हे ठरेना म्हणून. काल मी त्याला तुझाच प्रश्न पाठवला. लायटीची पट्टी लावली तर कोणाला काय होईल? "समोरच्याले काही दिसणार नाही," तो स्वतःच म्हणाला. मोठे टायर? "ब्रेक लवकर लागत नाही म्हणते रशीदभाई." दोर ओढायचं मशीन? "सरोवराच्या डांबरी रस्त्यावर कोण रुतते दादा," म्हणाला आणि हसला. त्याच्यात तू आहेस बरं का. तो इतकी वर्षं संभाजीनगरला कंपनीत होता, त्यामुळे त्याला जीप माहीत नाही, एवढंच.

मी म्हणालो, उंच करायचं तेवढं राहू दे. तिथं तो अडला. "दादा, थोडी तरी उंच पाहिजे. तिच्याकडं कोणी पाहणार नाही नाहीतर." पायरीचं काढलं तर तो परत उंचीवरच आला. मला वाटलं, गेली पायरी. रात्रभर मला वेल्डरच्या ठिणग्या दिसत होत्या.

सकाळी त्याचा आवाज आला. मोठा होता. तो जसा आहे तसाच सांगतो.

"दादा, एक विचारायचं राह्यलं. तेरवीच्या दिवशी मी जीप घेऊन लोणारले गेलो, मायच्या ओळखीच्या म्हाताऱ्या आणायले. रशीदभाई स्वयंपाकात गुंतला होता. तठी सात-आठ जणी उभ्या, अन् बाकी माणसं, पोट्टे. मी म्हटलं, आजी, तुम्ही आधी बसा. एकही चढंना. 'आधी तुम्ही चढा, गाडी लवू द्या,' म्हणतात. सारे चढले, जीप गच्च भरली, मांडीवर मांडी. पण दाराजवळची जागा खाली. कोणी बसंनाच तठी. मी म्हटलं, बसा ना कोणी. त एक जण म्हणते, ते धरलेली हाय. मंग सगळ्यात म्हातारी जे होती ते दांडी धरून त्या लोंबत्या पायरीवर चढली अन् तठी बसली. अन् रडाले लागली. दादा, गाडी लवू द्या म्हंजे काय? अन् ते जागा कोणी धरली होती? पिशवी त कोणतीच नव्हती."

मी त्याला सगळं सांगितलं. कमान, पाटा, पिशवी, चार बोटं. त्यानं चार बोटांचं परत एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "मले कधी सांगितलंच नाही तिनं."

"तुले गाडीची आवड नव्हती."

"आता हाय ना," म्हणाला. मग म्हणाला, "किती लवते, मोजू का?"

दुपारी त्यानं मोजलं. रशीदभाई, गल्लीतली पोरं, शेजारचे सगळे जीपमध्ये कोंबले. आधी रिकामी, मग भरलेली. "दोन बोटं दादा. पण माही बोटं जाड हायेत, मायची बारीक होती. चालते का?"

चालते.

तर आत्या, तू विचारलं होतं त्याचं उत्तर हे. दोन बोटं. तुझी चार होती, त्यातली दोन माझ्या पाट्यानं खाल्ली. बाजाराची गर्दी होती तेव्हा तो पाटा लागत होता, हे मी अजूनही सोडणार नाही. पण आता जीपमध्ये तेवढी माणसं बसणार नाहीत. सरोवर पाहायला येणारे चार-पाच जण, आणि बाजाराला तुझ्या म्हाताऱ्या. त्यांना अंकुश सोडणार नाही, त्यानंच सांगितलं. म्हणून मी निरोप दिला: पाटा काढ. उंच करू नको. पायरी ठेव, पट्टे मी रुंद आणतो. इथं खाणीच्या ट्रकचा जुना रबर पडलेला असतो, त्यातला एक तुकडा कापून बॅगेच्या तळाशी ठेवला आहे. बोल्टाच्या भोकांवर खडूनं खुणा केल्या आहेत. दोनदा तपासल्या. बरं, तीनदा.

अंकुश हो म्हणाला. वेल्डरला नाही म्हणाला. लायटीचं मात्र म्हणतो, एक छोटी तरी लावू, धुक्यासाठी, पिवळी. मी म्हटलं, समोरच्याला विचार.

सुट्टी मिळाली की येतो. नांदुऱ्याला उतरीन, घरी भेटून बीबीला येईन. जीप स्टँडवर उभी असेल. मीही आता पाय वर उचलायचा तर गुडघ्याला हात लावतो, वर्कशॉपमध्ये दिवसभर वाकून वाकून. मी शेवटी चढणार आहे. सगळे चढू देईन, गाडी लवू देईन.

दाराजवळची जागा कोण धरून ठेवील, तेवढं मात्र अजून कळत नाही.

तुझा
गजू